ब्रेक कॅलिपरचे आटे गेले : हेलीकॉइल कुठे चालते आणि कुठे नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिक रोडच्या एका वाचकाकडे सत्तरच्या दशकातली, बाहेरून आलेली जपानी मोटारसायकल आहे. पुढे एक डिस्क, मागे ड्रम. ब्रेकची नळी बदलताना कॅलिपरवरचा (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागावरचा) बँजो बोल्ट, म्हणजे नळी जोडणारा पोकळ बोल्ट, घट्ट व्हायच्या ऐवजी एकदम हलका झाला आणि नुसता फिरत राहिला. बाहेर काढला तर त्याला ॲल्युमिनियमची बारीक तार गुंडाळलेली. त्याच कॅलिपरचा ब्लीड निपलही (ब्रेकमधली हवा काढायची छोटी तोटी) नीट आवळत नाही. मागच्या ड्रमच्या प्लेटवर स्टेचा, म्हणजे ती प्लेट चाकाबरोबर फिरू नये म्हणून धरणाऱ्या दांड्याचा, बोल्ट बसतो, तिथलेही अर्धे आटे गेले आहेत. एका गॅरेजवाल्याने टेफ्लॉन टेप गुंडाळून बसवा असं सांगितलं, दुसऱ्याने आर्गन वेल्डिंगने भोक भरून नवे आटे मारू म्हटलं. नवा कॅलिपर मिळत नाही. काय करावं?

आधी एवढंच सांगतो की ही तीन वेगवेगळी कामं आहेत. तिन्ही ठिकाणी दिसायला आटेच आहेत, पण बँजोचा आटा फक्त धरून ठेवतो, गळती थांबवतात ते तांब्याचे वॉशर. निपलचा आटाही गळती थांबवत नाही, ते काम निपलच्या टोकाचा शंकू करतो. स्टेच्या बोल्टाला तेलाशी काही देणंघेणं नाही, तो चाकाचा अख्खा जोर झेलतो. कोणता आटा काय करतो हे डोक्यात पक्कं असेल तर कुठली दुरुस्ती कुठे चालेल ते आपोआप कळतं. टेफ्लॉन टेप तिन्ही ठिकाणी चुकीची. जो आटा गळती थांबवतच नाही, त्याला टेप लावून मिळणार काय? टेपचा सुटलेला धागा मात्र ब्रेकच्या तेलात जातो आणि मास्टर सिलिंडरच्या परत येण्याच्या बारीक भोकात अडकला की ब्रेक सुटत नाही. वेल्डिंगही कॅलिपरला नको. त्या काळचं ओतीव ॲल्युमिनियम, त्यात पन्नास वर्षं मुरलेलं तेल. वेल्ड फसफसतं, आणि उष्णतेने पिस्टनचा बोअर वाकडा झाला की सील नीट बसत नाही.

बँजोचे आटे ब्रेक दाबून जात नाहीत, पान्याने जातात. आकडे बघा. हाताने जोरात लिव्हर ओढल्यावर तेलाचा दाब साधारण ६० बार, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ६ न्यूटन. वॉशरचा बाहेरचा व्यास १४ मिमी धरला तर क्षेत्रफळ १५४ चौ. मिमी. म्हणजे तेल त्या बोल्टाला जेमतेम ९०-९५ किलोच्या जोराने बाहेर ढकलतं. तोच बोल्ट ३० न्यूटन-मीटरला आवळला की आट्यांवर सुमारे १५,००० न्यूटन, म्हणजे दीड टनाचा ताण येतो. २० सेंटिमीटर लांबीच्या रिंग पान्यावर १५ किलो जोर लावला की ३० न्यूटन-मीटर झाले. ‘अजून थोडा’ म्हणत ३० किलो लावले की तीन टन. आटे त्याच क्षणी जातात. आणि हे बहुतेक वेळा कशासाठी होतं? वापरलेला, कडक झालेला जुना वॉशर गळतोय म्हणून माणूस आवळतच राहतो. दोन नवे तांब्याचे वॉशर टाकले असते तर कॅलिपर वाचला असता.

दुसरं कारण पिच, म्हणजे लागोपाठच्या दोन आट्यांमधलं अंतर. जपानी ब्रेकमध्ये बँजो बोल्ट बहुधा एम १० × १.२५ (व्यास १० मिमी, पिच १.२५ मिमी) असतो, इटालियन ब्रेम्बो कंपनीचा एम १० × १.०. जुन्या इंग्लिश गाड्यांच्या लॉकहीड ब्रेकला ३/८ इंच व्यासाचा, इंचाला २४ आट्यांचा यूएनएफ, म्हणजे इंची मापाचा बारीक आटा. बाहेरून तिन्ही जवळजवळ सारखे दिसतात आणि दुकानदार एकाच डब्यातून काढून देतो. एम १० × १.० चा बोल्ट १.२५ च्या भोकात दोन-तीन फेरे हाताने जातो, मग अडतो, मग माणूस पाना लावतो. मोजायला सोपं आहे : व्हर्निअरने दहा आट्यांची लांबी घ्या. १२.५ मिमी आली तर १.२५, १० आली तर १.०, साडेदहाच्या थोडं वर आली तर ३/८ यूएनएफ. पिच गेज असेल तर उत्तमच. आणखी एक लक्षात ठेवा : त्या काळच्या काही जपानी कॅलिपरना नळी थेट न येता लोखंडी पाईप फ्लेअर नटने (पाईपचं पसरट केलेलं टोक दाबून धरणाऱ्या नटने) येतो, आणि तो नट एम १० × १.० असतो. एकाच गाडीच्या ब्रेकमध्ये दोन पिच सापडले तर गोंधळू नका, प्रत्येक भोक वेगळं मोजा.

तर आता बँजोचं भोक. माझ्या मते इथे हेलीकॉइल, म्हणजे स्टेनलेसच्या चौकोनी काटाच्या तारेची स्प्रिंग, हाच योग्य उपाय. सॉलिड स्लीव्ह, म्हणजे आतून-बाहेरून आटे असलेलं बुश, जास्त मजबूत वाटतं आणि लेथवाले काका तेच सुचवतील. इथे ते का नको ते नीट समजून घ्या. १० मिमीच्या बोल्टासाठी स्लीव्ह बाहेरून १४ मिमीची लागते. तांब्याचा वॉशर आतून १०, बाहेरून १४. म्हणजे अख्खा वॉशर स्लीव्हवरच बसणार आणि तेल स्लीव्हच्या बाहेरच्या आट्यांमधून वर येणार. कॉलर असलेल्या तयार इन्सर्टचीही तीच अडचण. हेलीकॉइलचा बाहेरचा व्यास एम १० × १.२५ साठी ११.६ मिमी असतो. वॉशर ११.६ ते १४ मधल्या मूळ ॲल्युमिनियमवर बसतो. दोन्ही बाजूंना १.२ मिमीची कडी उरते. अरुंद आहे, पण पुरते, जर तुम्ही ती खराब केली नाहीत तर. म्हणूनच या भोकाच्या तोंडाला काउंटरसिंक मारायचा नाही. टॅप (आटे पाडायचं हत्यार) सहज शिरावा म्हणून टर्नर सवयीने तोंड तिरकं करतो. त्याला आधीच सांगा. बर (कडेला उभी राहिलेली धातूची धार) निघाला तर धारदार ब्लेडने अलगद काढा, बस.

एसटीआय टॅप सातपूर किंवा अंबड एमआयडीसीतल्या टूलच्या दुकानात विचारा. ‘हेलीकॉइलचा टॅप, एम दहा, सव्वा पिच’ असं म्हटलं की कळतं. साधा एम १० चा टॅप चालत नाही, आणि ‘एम १२ चा टॅप मारून टाकू’ हेही नाही. एसटीआय टॅप खास हेलीकॉइलच्या बाहेरच्या मापाचा असतो.

कॅलिपर पूर्ण उघडायचा. पिस्टन, सील, डस्ट बूट सगळं बाहेर. बँजोचं भोक गेलेलं असल्यामुळे लिव्हरने पिस्टन बाहेर ढकलता येणार नाही, म्हणून कंप्रेसरची हवा रबरी नोझलने, दाब अगदी कमी ठेवून, आणि पिस्टनसमोर लाकडाचा ठोकळा. पिस्टन गोळीसारखा येतो. बोटं मध्ये घालू नका.

भोक १०.३ मिमीला मोठं करायचं. हँडड्रिलने कधीच नाही, बेंच ड्रिल किंवा मिलिंग मशीन. खरी अडचण इथे आहे : आधीच भोक असलेल्या मऊ ॲल्युमिनियममध्ये ड्रिल ‘ओढलं’ जातं, स्वतःच स्क्रूसारखं आत घुसतं आणि भोक तिरकं किंवा मोठं करतं. त्यासाठी दोन गोष्टी करा. एक, ड्रिलच्या दोन्ही धारांचा पुढचा कोन ऑइलस्टोनवर दोन-तीन घासे मारून सपाट करा, म्हणजे ती कापते पण ओढत नाही. दोन, चकमध्ये आधी साडेआठ मिमीच्या आसपासची सरळ, गुळगुळीत पिन धरा, ती भोकात सहज खाली-वर होईल अशी कॅलिपरची जागा व्हाइसमध्ये ठरवा, व्हाइस टेबलाला आवळा, आणि मग कशालाही न हलवता पिनच्या जागी ड्रिल लावा. जुन्या भोकाची रेष जशीच्या तशी मिळते. आधी ९.५, मग १०.३. वेग ५००-६०० फेरे. खोली आधीच मोजून ड्रिलवर टेप लावा, किंवा मशीनचा स्टॉप लावा. त्या भोकाच्या तळाशी तेलाची वाट आहे आणि पलीकडे पिस्टनचा बोअर.

टॅप मारायला रॉकेल उत्तम. त्यात दोन थेंब इंजिन ऑइल. ॲल्युमिनियम टॅपला चिकटतं, आणि चिकटलेल्या कणानेच नवे आटे फाटतात. टॅप चकमध्ये धरून हातानेच चक फिरवत सुरुवात करा, म्हणजे तो आपोआप सरळ जातो. अर्धा फेरा पुढे, पाव मागे. भोक बंद आहे, म्हणून आधी उतरता टॅप आणि शेवटी तळापर्यंत आटे पाडणारा बॉटमिंग टॅप. टॅपच्या खाचांत ग्रीस भरलं तर कीस त्यातच अडकतो, तेलाच्या वाटेत कमी पडतो.

हेलीकॉइल एकपट लांबीची, म्हणजे १० मिमीची घ्या. घालताना साधनावर खाली दाब द्यायचा नाही, नुसतं फिरवायचं. स्प्रिंग स्वतःच उतरते. दाबलं की एक वेढा उडी मारतो आणि मग बोल्ट आत तिरका अडतो. पृष्ठभागाच्या खाली पाव ते अर्धा आटा, म्हणजे ०.३ ते ०.६ मिमी, अशी थांबवा. वर राहिली तर वॉशर तिच्यावर टेकेल आणि गळेल.

मग येते ती टोकाची आडवी जीभ, जिच्यावर साधन अडकतं. सगळीकडे ती पंचने एक टोला मारून तोडायला सांगतात. ब्रेकमध्ये तसं करू नका. तुकडा तळाच्या वाटेतून पिस्टनच्या मागे जातो आणि सील कापतो. बारीक चोचीच्या पकडीने धरून मागे-पुढे वाकवून तोडा. तुकडा हातात आल्याशिवाय काम पुढे न्यायचं नाही. बिनजिभेची हेलीकॉइल मिळाली तर तीच घ्या.

निपलचं दुखणं वेगळं आहे आणि माझ्या दृष्टीने जास्त नाजूक. जपानी निस्सिन कंपनीच्या कॅलिपरचा निपल बहुधा एम ८ × १.२५, ब्रेम्बोचा एम १० × १.०. भोकाच्या तळाशी शंकूची बैठक असते, आणि निपलचं टोक तिथे टेकून बंद होतं. ड्रिल एक मिलिमीटर खोल गेलं आणि त्याच्या टोकाने ती बैठक खरवडली की कॅलिपर संपला. मग कितीही आवळा, थेंब येतच राहणार. म्हणून आधी पेन्सिल टॉर्चने आत बघा. बैठकीवर चकाकणारी, अखंड गोल रेघ दिसली तर ती शाबूत आहे.

ती शाबूत असेल आणि भोवताली किमान १४-१५ मिमी धातू असेल, तर मी इथे हेलीकॉइलऐवजी भोक ९.० मिमीचं करून सरळ एम १० × १.० चा आटा मारतो आणि ब्रेम्बोच्या मापाचा निपल वापरतो. जुने आटे बाहेरून ८ मिमीचे होते, त्यामुळे ९ च्या ड्रिलने ते पूर्ण निघून जातात आणि नवा आटा कोऱ्या धातूत पडतो. नव्या निपलचा शंकू जुन्या बैठकीवर बरोबर टेकतो का, हे आधी तपासायला हवं : टोकाला निळी मार्किंगची शाई लावा, हाताने आवळा, सोडवून बघा. पूर्ण गोल उमटली पाहिजे. एकाच बाजूला उमटली तर भोक तिरकं आहे. ड्रिलचं टोक बैठकीच्या किमान दोन मिमी वर थांबवा आणि उरलेलं बॉटमिंग टॅपने. धातू कमी असेल तर एम ८ ची हेलीकॉइल, ड्रिल ८.३ मिमी, खोलीची हीच काळजी.

निपल आवळायचा ६ ते ८ न्यूटन-मीटरला. आखूड पाना, दोन बोटं. निपलचे आटे जवळजवळ नेहमी काढताना जातात, कारण वरची रबरी टोपी हरवलेली असते आणि इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूचा एक पावसाळा आत पाणी भरायला पुरतो. लोखंड आणि ॲल्युमिनियम, मध्ये ओलावा : पांढरी पूड होऊन दोन्ही एकजीव होतात. अडकलेला निपल काढताना सहा बाजूंचा सॉकेट लावा, बारा बाजूंचा नाही. आधी घट्टच्या दिशेने किंचित, मग सैल. हीट गनने १२०-१५० अंशांपर्यंत भोवतालचा भाग तापवा, कारण ॲल्युमिनियम लोखंडापेक्षा जास्त फुगतं. गॅसची ज्योत नको.

मागच्या स्टेचा बोल्ट. तिन्हींत हाच जिवाशी येतो. हिशेब असा : मागच्या चाकाला ६०० न्यूटनचा ब्रेक लागला, चाकाची त्रिज्या ३० सेंमी, म्हणजे प्लेटवर १८० न्यूटन-मीटरचा पीळ. स्टेचा बोल्ट मध्यापासून ९ सेंमीवर असेल तर त्या एका बोल्टावर २,००० न्यूटन, सुमारे २०० किलो. प्रत्येक ब्रेकला. तो निसटला तर प्लेट चाकाबरोबर फिरते, ब्रेकचा रॉड गुंडाळला जातो आणि चाक जाम होतं. अर्धे आटे उरलेत म्हणून ‘चालतंय तोवर चालवू’ असं इथे नाही. हा बोल्ट दुरुस्त होईपर्यंत गाडी घराबाहेर काढू नका.

प्लेटच्या आतल्या बाजूला जागा असेल तर सगळ्यात चांगला उपाय आट्याशिवायचा : भोक आरपार करा, आतून पातळ डोक्याचा उच्च ताणाचा बोल्ट बाहेर काढा, बाहेरून खाचांचा नट आणि स्प्लिट पिन. डोकं ब्रेक शूला किंवा स्प्रिंगला घासत नाही ना, हे शू पूर्ण उघडून बघा. जागा नसेल तर इथे सॉलिड स्टीलची स्लीव्ह खुशाल वापरा, बाहेरून एम १२, आतून एम ८, लॉकिंग द्रव लावून. जी स्लीव्ह बँजोला वाईट तीच इथे चांगली, कारण इथे तेलच नाही. हेलीकॉइल घालायची तर दुप्पट लांबीची, १६ मिमी. आणि स्टेचं भोक बोल्टावर ढिलं असेल तर आधी ते बुश करून घ्या. ढिला स्टे दर ब्रेकला हातोडीसारखा आपटतो आणि नवे आटेही खातो.

ज्यांच्याकडे जुनी इंग्लिश गाडी किंवा बुलेट आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट : केबल ॲडजस्टरसारखे बारीक आटे तिथे इंचाला २६ आट्यांचे सायकल थ्रेड असू शकतात, आणि व्हिटवर्थ या जुन्या इंग्लिश मापाच्या आट्याचा कोन ५५ अंश असतो, मेट्रिकचा ६०. ‘जवळचा’ मेट्रिक टॅप फिरवून साफ करू नका. यझदी, जावा, राजदूतला ही अडचण नाही, त्या मेट्रिकच आहेत.

आता धुणं. आपल्याकडे सगळं पेट्रोलमध्ये नाहीतर डिझेलमध्ये धुतात. ब्रेकचे सील ईपीडीएम रबराचे असतात आणि खनिज तेलाचा नुसता हात लागला तरी फुगतात. टॅपला रॉकेल वापरलंय, म्हणून सील परत घालण्यापूर्वी कॅलिपर साबणाच्या गरम पाण्याने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा ब्रेक क्लीनरने धुवा, आणि प्रत्येक वाटेतून दोन्ही दिशांनी हवा मारा. पांढऱ्या कापडावर हवा सोडून बघा. एक चकाकता कण दिसला तरी पुन्हा धुवा. सील नवे घाला, ब्रेकचंच तेल लावून बसवा. कॉपर ग्रीस कॅलिपर धरणाऱ्या बोल्टांना ठीक, आतल्या भागांना नाही.

बँजो बोल्ट नवाच घ्या, तोही पोकळ बँजोच. साधा बोल्ट घातला तर तेलाची वाट बंद. नव्या वॉशरची जाडी जुन्याइतकीच हवी, नाहीतर बोल्ट तळाला टेकतो, घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि वॉशर दबलेलाच नसतो. नवे वॉशर हाताशी नसतील तर जुने मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका, तांबं मऊ होतं. काळी खपली बारीक पॉलिश पेपरने काढा. टॉर्क रेंचने, गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा. तो हाताशी नसेल तर एम १० × १.२५ च्या लोखंडी बोल्टाला २५ ते ३० न्यूटन-मीटर. आटे कोरडे आणि स्वच्छ. तेलकट आट्यांवर त्याच आकड्याला ताण बराच वाढतो.

ब्रेकच्या तेलात डॉट ३ च्या गाडीला डॉट ४ चालतं. सिलिकोनचं डॉट ५ त्यात मिसळायचं नाही. बाटली नुकती उघडलेली हवी. नव्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश, पाणी शोषलेल्याचा १५५ पर्यंत उतरतो, आणि कसाऱ्याच्या उतारावर हा फरक कळतो. हवा काढताना निपलच्या आट्यांमधून बुडबुडे येत राहतात, ते सिस्टिममधले नसतात. आट्याभोवती थोडं रबर ग्रीस लावा म्हणजे फसगत होणार नाही.

मग लिव्हर पूर्ण दाबून ट्यूबच्या रबराने हँडलला बांधा, बँजो आणि निपलभोवती टिश्यू पेपर गुंडाळा आणि रात्रभर ठेवा. सकाळी कागद कोरडा आणि लिव्हर तिथेच हवी. कागदाला ओल असेल तर आणखी आवळू नका; उघडा, वॉशरची बैठक बघा, नवे वॉशर टाका. कोरडा असेल तर अंगणात चालण्याच्या वेगाने, मग रिकाम्या रस्त्यावर ३०-४० च्या वेगाने दहा-बारा ब्रेक, परत कागद.

सगळं जमल्यावर बँजो बोल्टाच्या डोक्यावरून कॅलिपरपर्यंत आणि स्टेच्या नटावरून प्लेटपर्यंत पिवळ्या रंगाची एकेक बारीक रेघ ओढा. गाडी पुसताना ती रेघ तुटलेली दिसली की बोल्ट हलला, पाना न लावताच कळतं.